अन्वर मिस्त्री आणि चौदावं रीळ

अन्वरभाई गेल्याची बातमी मला कळंबहून आली. हे वाक्य आमच्या नेरमधल्या कुणाला वाचून दाखवा, तो हसेल आणि म्हणेल, मास्तर पुन्हा गोष्ट रचून राह्यला. कारण अन्वर मिस्त्रींचं दुकान नेरमध्ये, घर दुकानाच्या मागे, आणि माझं घर तिथून जेमतेम तीनशे पावलांवर. मध्ये एक पिठाची गिरणी आणि रस्त्यात कायम आडवं पडलेलं एक कुत्रं, बस. तरी त्या बुधवारी सकाळी मी शाळेला निघायच्या तयारीत पायात मोजे चढवत होतो, तेव्हा फोन वाजला आणि पलीकडून आवाज आला, "मास्तर, युसूफ बोलतो, कळंबहून. भाई गेले..." एक मोजा पायात, एक हातात, तसाच मी धावलो. त्यांची मोठी मुलगी शबाना दारात उभी होती. तिनं सांगितलं, सकाळची नमाज झाली, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी तिला रागानंच म्हटलं, "अगं, इतक्या जवळ राहतो मी, मला आधी हाक मारायची ना!" ती म्हणाली, "अब्बानं सांगून ठेवलं होतं काका. काही झालं त पहिला फोन चाचाले."

चाचा म्हणजे युसूफ, अन्वरभाईंचा धाकटा भाऊ. ज्या भावाचं नाव या माणसानं बावीस वर्षं जिभेवर येऊ दिलं नव्हतं, त्याला पहिला फोन करायचा, असं तो सांगून गेला होता. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. दुःखाचं जे काही करायचं असतं ते मी घरात करून घेतलं आहे. इथे लिहायला बसलो आहे तो एक गोष्ट कबूल करायला. त्या बावीस वर्षांत माझाही हात आहे, आणि हे मी आजवर फक्त एका माणसाला आणि त्याच्या नातीला सांगितलं होतं. तो माणूस आता नाही.

आधी तुम्हाला अन्वरभाई दाखवतो. उंच, किडकिडीत, खाकी शर्टाच्या खिशात एक पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, आणि एक अत्तराची कुपी. गिऱ्हाईकाला आधी डिझेलचा वास यायचा, मग अत्तराचा, आणि मग शिवी ऐकू यायची. विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. इंजिन आलं की ते सुरू करायला लावायचे, पेचकसाचं टोक इंजिनाच्या पोटाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. बाजारचा गोंगाट, एसटीचे हॉर्न, सगळं बाहेर. मिनिटभरानं डोळे उघडून निकाल द्यायचे. "नोझल." किंवा "टॅपिट." किंवा "मालकानं वर्षभर तेल बदललं नाई, आता मालकालेच बदला." त्या निकालावर अपील नसे. आमच्या भागातल्या मिस्त्री लोकांत एक न लिहिलेली रीत आहे. एका मिस्त्रीनं 'हे इंजिन संपलं' असं म्हटलं की त्याच घरातला दुसरा मिस्त्री त्या इंजिनाला हात लावत नाही. बाहेरचा लावील, त्याला कुणी अडवत नाही. घरातल्यानं लावायचा नाही. बावीस वर्षांचं भांडण याच रितीवरून झालं, पण त्याच्याही आधी एक सिनेमा येतो.

सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच मोबाईलवर शोधाल आणि माझा लेख अर्ध्यात सोडाल. अडतीस वर्षांपूर्वी तो नेरला माझ्या मामाच्या टॉकीजमध्ये लागला. एका मराठी कादंबरीवरून काढलेला. दोन भाऊ, थोरला दौलत, धाकटा किसन. वाटणीत बैलजोडी फुटते, एक बैल याला, एक त्याला. एका बैलानं नांगर चालत नाही, पण दौलत हट्टाला पेटलेला. कादंबरीतला दौलत दोन-अडीचशे पानांत बदलतो, आणि असा बदलतो की त्याचं त्यालाही कळत नाही. आधी तो किसनला शिव्या देणं सोडतो. मग शेतावर जायची वाट बदलतो आणि किसनच्या बांधावरून जायला लागतो. मग एक दिवस आपल्या बैलाचं दावं मुद्दाम सैल बांधतो... बैल आपणहून जोडीदाराकडे निघून जातो. शेवटच्या पानावर दोन्ही बैल एका जुवाखाली आहेत आणि दोघे भाऊ नांगराच्या दोन बाजूंनी चालताहेत, एकमेकांशी एक अक्षर न बोलता. सिनेमावाल्यांना इतका धीर कुठला? तिथे किसन मरणाच्या दारात जातो, दौलत धावत येतो, अकरा मिनिटं दोघं बोलतात, रडतात, मिठी मारतात. हे चौदावं रीळ. पंधराव्या रिळात किसनला बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. दौलत वेशीवर उभा राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघतो, मग पाठ फिरवून गावात परततो, कारण दोघांचीही शेतं आता त्यालाच बघायची आहेत. समाप्त.

मामानं पहिल्या खेळाच्या आदल्या दुपारी सिनेमा घरच्यांसाठी चालवून पाहिला आणि कपाळाला हात लावला. खेळ सहाचा, खेड्यांवर जाणारी शेवटची एसटी नऊची, आणि सिनेमा संपणार नऊ वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे पावणेनऊपासून खुर्च्या वाजणार, अर्धं थिएटर उठून पळणार आणि उरलेलं शिव्या देणार. मी तेव्हा यवतमाळला मराठी घेऊन बी.ए. करत होतो आणि जगातलं सगळं मला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मामा म्हणाला, "एखादं गाणं काढून टाकतो." मी म्हटलं, "गाण्यांसाठी तर लोक येतात मामा. चौदावं रीळ काढ. ना गाणं, ना मारामारी, नुसते दोघं रडतात." खरं कारण मी बोललो नाही. मी कादंबरीचा भक्त होतो आणि ते रीळ मला ढोंगी वाटलं होतं. साहित्याची समीक्षा मी पुढे पुष्कळ केली, पण हातानं केलेली ही एकच. दुसऱ्या दिवसापासून ऑपरेटरनं तेराव्यामागून थेट पंधरावं रीळ लावलं. सगळ्यांना एसटी मिळाली. मामानं खूश होऊन मला भजी खाऊ घातली.

आता गंमत बघा. चौदावं रीळ गेलं आणि शेवटच्या दृश्याचा अर्थच उलटा झाला. वेशीवर तोच दौलत, तीच गाडी, तीच धूळ. पण आता तो मरणाऱ्या भावाकडे नुसता बघतो आणि एक शब्द न बोलता पाठ फिरवून घरी जातो. अख्ख्या नेरनं, आसपासच्या पंचवीस खेड्यांनी हाच सिनेमा पाहिला. बायका दौलतला शाप देत बाहेर पडायच्या, पुरुष छाती काढून. पुढे कुणी अमरावतीला तो सिनेमा बघून आलं की सांगायचं, अहो, शेवटी ते दोघं मिठी मारतात. त्यावर नेरच्या जाणकारांनी एक सिद्धान्त काढला. शहरातल्या लोकांची मनं हळवी असतात, म्हणून कंपनीनं त्यांच्यासाठी वेगळा शेवट काढला आहे, आणि खरा शेवट खेड्यांत पाठवला आहे. या सिद्धान्ताचे मुख्य आचार्य होते सत्तावीस वर्षांचे अन्वर मिस्त्री. त्यांनी तो सिनेमा नऊ वेळा पाहिला होता.

आमची मैत्री याच वादावर झाली आणि वाढली. ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. मी शाळेत मास्तर झालो तरी रोज शाळा सुटल्यावर त्यांच्या दुकानात टेकायचो. "मास्तर," ते सुरुवात करायचे, "तुहा दौलत बदलते, माहा दौलत बदलत नाई. सांग, खरा माणूस कोणता?" मी म्हणायचो, कादंबरीतला. ते म्हणायचे, "तो किताब लिहिणारा बायकोले भेत असन. सिनेमावाल्यानं बरोबर दुरुस्त केलं." मी आणखी डिवचायचो, ते आणखी चिडायचे, दुकानातली गिऱ्हाइकं इंजिन विसरून बाजू घ्यायची. मला सगळं ठाऊक होतं आणि मी तोंड उघडत नव्हतो. का उघडावं? एवढा मजेदार वाद, रोज फुकट... आणि उघडलं असतं तर मामाचं नाव खराब झालं असतं. पुढे मामा गेला, टॉकीज बंद पडली, तिचं मंगल कार्यालय झालं. तेव्हा बोलायला हरकत नव्हती. पण इतकी वर्षं खोटं जपल्यावर ते आपल्याच घरातलं वाटायला लागतं.

भांडण झालं ते असं. दोघे भाऊ बापाच्या दुकानात एकत्र काम करायचे. एका गिऱ्हाइकाचं इंजिन आलं, अन्वरभाईंनी कान लावला आणि निकाल दिला, "क्रँक गेला. भंगारात द्या." युसूफ तेव्हा तिशीतला, हुशार, हाताला खाज. त्यानं ते इंजिन मागच्या अंगणात नेऊन गुपचूप उघडलं, एक बेअरिंग बदललं आणि तिसऱ्या दिवशी भर दुकानात, दहा लोकांपुढे सुरू करून दाखवलं. इंजिन धडधडत होतं, लोक हसत होते, आणि हसण्याच्या भरात युसूफ बोलून गेला, "भाई, क्रँक चांगला होता. तुमचा कान गेला." मिस्त्रीला याच्यापेक्षा मोठी शिवी नाही. अन्वरभाईंनी इंजिन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाले, "आजपासून तू माह्यासाठी मेला." महिन्याभरात युसूफनं कळंबला बसस्टँडजवळ स्वतःचं दुकान टाकलं. मी चार-पाच वेळा मध्ये पडलो. प्रत्येक वेळी अन्वरभाईंचं उत्तर ठरलेलं, "दौलतनं काय केलं? पाठ फिरवली न? झालं मग." मला वाटायचं, थट्टा आहे. माणसं आपल्या हट्टाला काहीतरी सुंदर नाव शोधतातच.

थट्टा नव्हती, हे मला बारा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. अन्वरभाईंच्या धाकट्या मुलीच्या लग्नात युसूफ आला होता. बोलावलेलं नव्हतं. मांडवाच्या बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, पांढऱ्या कपड्यात उभा, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. अन्वरभाईंनी त्याला पाहिलं. मी शेजारीच होतो. मी हळूच म्हटलं, "जा ना अन्वरभाई. दहा पावलं आहेत." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दौलत काय करते शेवटी, मास्तर?" त्या क्षणी मला सांगता आलं असतं. दौलत आधी मिठी मारतो, अन्वरभाई, मिठी मारून मग परततो. एवढं एकच वाक्य. मी हसलो. म्हटलं, "तुमचा दौलत पाठ फिरवतो." त्यांनी पाठ फिरवली आणि मी बिर्याणीच्या रांगेत गेलो. चपलांजवळ पाहिलं तेव्हा युसूफ निघून गेला होता.

गेल्या वर्षी हे सगळं फुटलं, ते शबानाच्या मुलीमुळे. नाझिया तेव्हा यवतमाळला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला कॉलेजात प्रकल्प मिळाला: कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट, यांतल्या नायकात होणाऱ्या बदलाची तुलना. कादंबरी निघाली नेमकी हीच. पोरगी धावत नानाकडे, म्हणजे अन्वरभाईंकडे आली, कारण नानाला सिनेमा तोंडपाठ, हे घराला माहीत. नानानं स्टुलावर बसून दोन दुपारी मजकूर सांगितला, तिनं लिहून घेतला: चित्रपटातला दौलत शेवटपर्यंत बदलत नाही, हेच त्याचं मोठेपण. मी तिथे बसून ऐकत होतो, चहा पीत होतो आणि पोरीला थांबवत नव्हतो... पंधरा दिवसांनी वही परत आली. तांबड्या शाईत शेरा होता: चित्रपट पाहून मग लिहावे.

"यानंच सिनेमा पाह्यला नसन!" अन्वरभाई गरजले. "मी नऊ वेळा पाह्यला म्हणाव त्याले!" नाझिया रडवेली झाली होती. ती म्हणाली, "नाना, कुणीतरी मोबाईलवर टाकलाय पूर्ण. बघू ना एकदा." भर दुपार होती. दुकानात इंजिनाच्या खोक्यावर मोबाईल टेकवला, नाझिया, अन्वरभाई आणि मी असे तिघे बसलो. उठून जावं असं मला दहा वेळा वाटलं, तरी बसून राहिलो. अन्वरभाई प्रत्येक वाक्य नटाच्या आधी म्हणत होते. तेरावं रीळ संपलं, किसन खाटेवर पडला आणि अन्वरभाईंनी नाझियाला कोपरानं ढोसलं, "आता पाह्य, वेस येते." वेस आली नाही. दार उघडलं आणि दौलत आत आला. अन्वरभाईंचं तोंड उघडंच राहिलं. अकरा मिनिटं ते हलले नाहीत. दौलत रडला, किसन रडला, मिठी झाली, मग वेस आली, गाडी गेली, दौलत परतला. नाझिया म्हणाली, "नाना, हा तर बदलला." ते म्हणाले, "हे कुठून आलं?" आणि माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा बघून त्यांना उत्तर मिळालं असावं. मी सगळं सांगितलं. एसटी, मामा, भजी, सगळं.

"तुले माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"पोरीच्या लग्नातही माहीत होतं."

"हो, अन्वरभाई."

त्यांनी हातातल्या पान्यानं रस्ता दाखवला. "जा."

नऊ दिवस मी त्या दुकानासमोरून गेलो नाही. शाळेत जायला उलटा फेरा घेत होतो. माणसं तोडण्यात अन्वरभाईंचा हात किती पक्का आहे हे मी बावीस वर्षं पाहिलं होतं, आणि आता माझी पाळी होती. दहाव्या दिवशी तेच दारात उभे. "ते किताब दे." मी कादंबरी काढून दिली आणि हात जोडून म्हटलं, "अन्वरभाई, माझ्यामुळे तुमची बावीस वर्षं..." त्यांनी मला तिथेच कापलं. "जास्त मोठा नको होऊ बे. तुह्या अकरा मिनिटांनी माहे बावीस वर्षं खाल्ले, असं समजून राह्यला का? पाठ मी फिरवली. दौलतचं नाव सांगत होतो फक्त."

शाळा त्यांनी सातवीपर्यंत केलेली, तीही उर्दूतून. मराठी त्यांनी दुकानाच्या पाट्यांवरून आणि वर्तमानपत्रावरून उचललेली. ओळीखाली पेचकसाचं टोक फिरवत त्यांनी ती कादंबरी अडीच महिने वाचली. अडलं की फोन, मग मी वर्गात असो की न्हाणीघरात. पुस्तक संपलं त्या दिवशी मला बोलावून समोर बसवलं, नाझियाला फोनवर घेतलं आणि निकाल दिला. "मास्तरनं रीळ काढलं ते चुकीच्या कारणानं काढलं. पण ते रीळ खोटंच आहे. सिनेमातला दौलत बदलते, काहून का भाऊ मरून राह्यला. भाऊ धडधाकट असता त बदलला असता का? नाई. किताबातला किसन चांगला ठणठणीत आहे, शिव्या देऊन राह्यला, तरी दौलत बदलते. त्याले कोणी ढकललं नाई. रोज थोडा थोडा तोच सरकला. तो माणूस खरा." नाझियानं हे तसंच लिहिलं, प्रमाण मराठीत. तिच्या सरांनी या वेळी तांबडी शाई उघडली नाही. मी तीस वर्षं मराठी शिकवतो आहे, ही ओळ मला सुचली नव्हती. फोन ठेवून अन्वरभाई मला म्हणाले, "आता युसूफ आजारी पडायची वाट पाहू का मी?"

पुढच्या गुरुवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं, यवतमाळला एसटी बदलली आणि कळंब गाठलं. युसूफच्या दुकानासमोर चहाचं हॉटेल आहे. तिथे बसले, चहा प्यायले, परत आले. मला सांगताना चेहरा असा, जणू किल्ला घेतला. मी म्हटलं, "इतक्या लांब जाऊन नुसता चहा? आत जायचं होतं की!" ते म्हणाले, "तू सिनेमावाला कवापासून झाला बे? दौलतनंही आधी वाटच बदलली होती." चार गुरुवार हेच. मी घायकुतीला आलो, ते ढळले नाहीत. पाचव्या गुरुवारी ते बसले आणि मागवायच्या आधीच चहा आला. हॉटेलवाला म्हणाला, "समोरच्या मिस्त्रीनं पाठवला." अन्वरभाईंनी मान वर केली नाही. चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि आले ते निर्णय घेऊनच. "मास्तर, एक टेम्पो पाह्य."

सहाव्या गुरुवारी टेम्पोत एक इंजिन होतं, इंजिनाशेजारी मी, आणि पुढे ड्रायव्हरजवळ अत्तर लावलेले अन्वरभाई. ते इंजिन त्यांच्याकडे आठ दिवस पडून होतं आणि त्यांना त्याचा आजार सापडत नव्हता. हे त्यांनी मला वाटेत सांगितलं, रस्त्याकडे बघत. टेम्पो दुकानासमोर थांबला. युसूफ बाहेर आला, दाढी पिकलेली, हात तेलानं काळे. दोघे भाऊ एकमेकांसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता मिठी, आता अश्रू. मी शेवटी सिनेमाच्या घरात वाढलेला माणूस. अन्वरभाईंनी खिशातला पेचकस काढला, मूठ भावाकडे करून पुढे धरला आणि म्हणाले, "याच्यात ठोका आहे. मले ऐकू येत नाई, युसूफ. तूच पाह्य."

युसूफनं पेचकस घेतला. इंजिन सुरू केलं, कान लावला, डोळे मिटले. दुकानातली पोरं काम सोडून बघत होती. मग डोळे उघडून म्हणाला, "टॅपिट वाजते, भाई."

"टॅपिट त मलेही समजलं असतं."

"थांबा न जरा." त्यानं पेचकस खाली सरकवला. "खाली आहे. रॉडची बुश गेली."

"मंग तसं सांग न पहिल्यांदा. घाई करते अजून."

"अन् तुमी अजून चिडता."

झालं. बावीस वर्षांवर एवढंच संभाषण. माफी नाही, गळाभेट नाही, देवाधर्माचं नाव नाही. दोघं इंजिनाच्या दोन बाजूंना बसले आणि संध्याकाळपर्यंत मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानंतर दर गुरुवारी अन्वरभाई कळंबला जायचे आणि काम करून यायचे. युसूफला नेरला बोलवायचं बाकी होतं. "येईन तो," ते म्हणायचे, "त्याची वाट त्यालेच बदलू दे." सात महिने हे चाललं. आठव्या महिन्यातल्या त्या बुधवारी युसूफ नेरला आला. जनाज्याला पुढच्या बाजूनं खांदा दिला आणि कबरस्तानापर्यंत तो कुणालाही बदलू दिला नाही.

तर नेरकरांनो, आणि आसपासच्या पंचवीस खेड्यांतल्या माझ्या पिढीच्या मंडळींनो, तुम्ही तो सिनेमा अर्धवट पाहिला आहे, आणि ते मी केलं आहे. मामाचा दोष नाही, ऑपरेटरचा नाही, कंपनीचा तर मुळीच नाही. शहराचा शेवट वेगळा आणि खेड्याचा वेगळा असं काही नव्हतं. मामाच्या टॉकीजचं जे मंगल कार्यालय झालं आहे, तिथला हॉल मी लग्नसराई संपल्यावरच्या एका दुपारसाठी मागून घेतला आहे. पूर्ण सिनेमा दाखवणार, चौदाव्या रिळासकट. ते रीळ अजूनही मला खोटंच वाटतं, पण ते ठरवायचा हक्क तुमचा होता आणि मी तो घेतला. सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी पडद्यासमोर उभा राहून हेच सगळं तोंडानं सांगणार आहे. लोक हसतील, कुणी चार शब्द सुनावेल. सुनावू दे. नाझिया कादंबरीतली शेवटची पानं वाचणार आहे. युसूफला विचारलं, येशील का? तो म्हणाला, "कामातून सुटलो त येतो." काम म्हणजे कुठलं, तेही सांगतो.

चाळिसावा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी अन्वरभाईंचं दुकान उघडं दिसलं. मी आत डोकावलो. भावाची अर्धवट राहिलेली कामं पुरी करायला आलेला युसूफ जमिनीवर बसला होता. समोर गोणपाट पसरलेलं, त्यावर माणिकवाड्याच्या देवीदासभाऊंचं इंजिन पूर्ण उघडून मांडलेलं. शेवटच्या मंगळवारी अन्वरभाईंनी ते उघडून खराब भाग बदललाही होता, भरायचं तेवढं राहिलं होतं. नट, वॉशर, स्प्रिंगा, ज्या क्रमानं काढल्या त्या क्रमानं ओळीत ठेवलेल्या, प्रत्येक ओळीच्या टोकाला खडूची एक रेघ. पायाखाली येईल म्हणून मी एक वॉशर उचलायला गेलो तर युसूफ खेकसला, "हात नका लावू, मास्तर! भाईनं मांडलं आहे." मग तोच ओशाळला. म्हणाला, "मी असा काढत नाई. मी उलट्या बाजूनं काढतो. पण भाईनं जसं काढलं तसंच भरतो." तो दिवसभर भरत राहिला. मी बघत राहिलो. शेवटच्या रेघेपुढची शेवटची स्प्रिंग उचलली गेली तेव्हा देवीदासभाऊ येऊन उभे होते. हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं आणि दुकानातल्या रिकाम्या डब्यांची झाकणं थरथरायला लागली.

देवीदासभाऊ खूश. ओरडून म्हणाले, "वा युसूफभाऊ! तुमचा हात लागला अन् काम झालं!"

युसूफनं इंजिन बंद केलं, म्हणजे पुढचं नीट ऐकू यावं. "मी नुसतं भरलं," तो म्हणाला. "बनवलं अन्वर मिस्त्रीनं. गावात कोणी विचारलं त हेच सांगजा."